वेगळे झाल्यानंतरही त्याचा धाक जात नाही

प्रश्न: पुण्यात शिकताना ज्याच्यासोबत राहत होते, तो माझा फोन तपासत असे, मैत्रिणींना भेटू देत नसे आणि हातही उचलत असे. आता वेगळी राहते, तरी त्याचे मेसेज थांबत नाहीत. लग्न झाले नसताना कायद्याचा आधार मिळतो का?

उत्तर १: मिळतो. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात विवाहसदृश सहजीवनही येते. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून, त्याने संपर्क साधू नये असा आदेश मागता येतो. मेसेज मात्र पुसू नका.

उत्तर २: सहजीवन सिद्ध करणे अवघड वाटल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ पाहा, स्पष्ट नकारानंतरही वारंवार संपर्क साधणे हा पाठलागाचा गुन्हा ठरतो.

उत्तर ३: त्याची आठवण येते म्हणून स्वतःला दोष देऊ नका (हे बहुतेकींना होते, फक्त कोणी बोलत नाही). टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.