कोशाची करवती साडी कुठून घ्यावी? (बजेट ८ हजार)

अनुजा_कोथरूड
दिवाळीनंतर साबांची (सासूबाईंची) साठी आहे. त्या मूळच्या भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या, लग्नानंतर पुण्यात. "आमच्याकडची कोशाची करवती काही परत घेणं झालं नाही" हे प्रत्येक लग्नकार्यात ऐकते. (कोशाची म्हणजे टसर रेशमाची, करवती म्हणजे काठाला करवतीसारखे दाते असलेली.) बजेट ८ हजार, फार ताणलं तर ९. पुण्यात खात्रीची मिळेल की भंडाऱ्याहूनच मागवू? खरी कशी ओळखायची? बजेटमध्येच सुचवा, प्लीज.

मंजिरी७
डोळे झाकून पैठणी घे. वहिनीला येवल्याहून १८ हजारांची आणली, अजून नाव काढते.

अनुजा_कोथरूड
अगं, पैठण्या चार आहेत त्यांच्याकडे.

ईशान्यवेडी
आसामचं मुगा रेशीम! गुवाहाटीत होतो तेव्हा सुआलकुचीहून मेखला चादर (तिकडचा साडीसारखा दोन तुकड्यांचा पोशाख) घेतली. तो सोनेरी रंग किड्याचाच, रंगवायची भानगड नाही. सोम आणि सोआलूच्या झाडांवर वाढतो. २००७ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. २५ हजारांच्या आसपास जाईल, पण साठी काय रोज येते?

गंपूशेठ
८ हजारांचा धागा, २५ हजारांचा सल्ला. चालू द्या.

दुधाने_पोळलेला
प्रदर्शनात "शुद्ध टसर करवती" म्हणून बायकोला घेतली. विक्रेत्याने धागा जाळून दाखवला, केस जळल्यासारखा वास आला, राख बोटात चुरली. आम्ही खूश. घरी काठ उलटून पाहिला तर मागची बाजू कोरी. करवत छापलेली होती! परत न्यायला गेलो तर स्टॉल उठलेला. जाळून पाहिल्यावर धागा रेशमाचा आहे की नाही एवढंच कळतं, बाकी काही नाही. सिल्क मार्कशिवाय घेऊ नका.

मंजिरी७
+१. सिल्क मार्क बघच. पैठणीला पण असतो.

वैनगंगाकाठी
भंडाऱ्याचा आहे, म्हणून लिहितो जी. सिल्क मार्क रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो, हातमागाचं नाही. हातमागाचा शिक्का वेगळा असतो. आणि सूत चिनी आहे की आपल्या जंगलातलं, हे दोन्हींतून कळत नाही. बाजारात चिनी-कोरियन टसरचं सूत भरपूर आहे, एकसारखं असल्यानं मागावर सोपं जातं.

करवती ओळखायची तर काठ बघा. अंग कोशाचं, काठ सुती. कोष्टी विणकर तीन धोट्यांनी (आडवा धागा नेणाऱ्या साधनांनी) विणतो, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. प्रत्येक दाताच्या टोकाला काठाचा आडवा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरतो. म्हणून करवत दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि दातावरून नख फिरवलं तर जोड लागतो. अंगातलं सूत कुठे जाड, कुठे बारीक असतं. त्याला दोष म्हणू नका.

तत्त्वनिष्ठ
पण कोष उकळून आतला जीव मारतात ना? साठीच्या शुभप्रसंगी हे? एरी रेशीम घ्या, त्यात पतंग बाहेर पडू देतात.

गंपूशेठ
मटण खाता का?

तत्त्वनिष्ठ
प्रश्न साडीचा आहे.

वैनगंगाकाठी
मारतात, खोटं कशाला बोलू. पण काही कोष दर हंगामात बियाण्यासाठी राखावेच लागतात. त्यातून पतंग निघतात, त्यांचे अंडीपुंज पुढच्या पिकाला. पतंग निघालेल्या फुटक्या कोषाचा धागा सलग निघत नाही, त्याचं कातून घिचा सूत होतं.

आणि हा किडा तुतीवाल्यासारखा घरात ट्रेमध्ये वाढत नाही. ऐनाच्या झाडावर (आमच्याकडे येन म्हणतात) उघड्यावर असतो. गडचिरोली, आरमोरीकडे, आमच्याकडेही, हे काम मुख्यतः ढिवर लोक करतात. एरवी मासेमारी, पावसाळ्यात जंगलात झोपडी. दिवसभर गलोल घेऊन पाखरं हाकायची, मुंग्या-गांधीलमाशा बघायच्या. एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट फांद्या छाटून दुसऱ्या झाडावर नेऊन ठेवायच्या. जुनी माणसं त्या काळात मांस-मच्छी शिवत नाहीत. झाडं तोडत नाहीत, छाटून बुटकी ठेवतात, म्हणजे पाला कोवळा फुटतो. आता ऐन कापून सागाची लागवड झाली तर ढिवरानं जायचं कुठं? सागावर हा किडा वाढवत नाहीत.

पुढे सूत काढायचं काम बायांचं. मांडीवर धागा घासून घासून कातडी सोलवटते. "बुनियाद" नावाची यंत्रं आलीत, पण गावोगाव पोचलेली नाहीत. त्यामुळे ४ हजारांत "अस्सल हातमाग करवती" कोणी देत असेल तर समजून जा.

रायपूरकर
सूत काढायचं काम आमच्याकडेही तसंच. छत्तीसगडातल्या चांपाचा कोसा (टसर) घ्या, भंडाऱ्यापेक्षा सरस. मी दर वर्षी घेतो.

वैनगंगाकाठी
चांपाचा कोसा चांगलाच आहे, पण साबांना करवती हवी आहे ना भाऊ?

रायपूरकर
करवत म्हणजे नुसती डिझाइन हो.

दुधाने_पोळलेला
छापलेली मिळते. माझ्याकडे आहे, हवी तर पाठवतो.

सुलभा_काकू
अनुजा, बादामी अंग आणि काळा किंवा कुंकवाच्या रंगाचा काठ घे. कोशाचा मूळ रंग बादामीच, गडद रंगवलेल्यात रया जाते. आणि न बघता मागवू नकोस. नागपूरला कोणी असेल तर त्यांना दुकानात पाठव.

मंजिरी७
+१ काकू. गडद नको.

ईशान्यवेडी
मुगाला रंगाचा प्रश्नच येत नाही.

अनुजा_कोथरूड
सगळ्यांचे आभार. घेतली! नणंदेच्या ओळखीतल्या, भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावच्या विणकराशी व्हिडिओ कॉलवर बोलले. बादामी तयार होती, पण मागावर अर्धी झालेली बाटली-हिरवी दिसली आणि मला तीच आवडली. साडेनऊ म्हणाले, घासाघीस केली नाही. सिल्क मार्क नाही. काठाची मागची बाजू मात्र आधी दाखवायला लावली. निम्मे पैसे दिलेत, बाकी साडी आल्यावर. आता एकच, ड्रायक्लीन की घरी?

सुलभा_काकू
हिरवी?

वैनगंगाकाठी
पहिल्या वेळी ड्रायक्लीनच. हिरवा आहे, काठ सुती आहे, रंग उतरला तर दोघांनाही लागेल. सुती कापडात गुंडाळा, डांबराच्या गोळ्या नका टाकू, आणि अधूनमधून घडी बदला. आणि निम्मे पैसे आधी दिले ते बरं केलं, विणकराला सूत रोखीनं घ्यावं लागते.