इंग्रजी वाक्प्रचार: शिकवायचे की सोडून द्यायचे?

शिकवणीताई, अशोक चौक, सोलापूर
संध्याकाळी मी कामावरून सुटलेल्या पोरापोरींना इंग्रजी शिकवते. बहुतेकांच्या घरी तेलुगू, बाहेर मराठी. त्यातला एक टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसात आहे. त्याला परदेशी गिऱ्हाइकाचा मेल आला: या शेडबाबत, म्हणजे टॉवेलच्या रंगछटेबाबत, 'वी आर थ्रोइंग इन द टॉवेल'. पोरानं थेट पॅकिंगला विचारलं, वर किती नग घालायचे? 'थ्रो इन' म्हणजे वर फुकट देणं, एवढं त्याला ठाऊक होतं. खरा अर्थ, हात टेकले, नाद सोडला. बॉक्सिंगमध्ये आपल्या गड्याला मार सोसेना की कोपऱ्यातला माणूस रिंगणात टॉवेल फेकतो, तिथून हे आलं. शेड सुधारून पाठवायचे तीन दिवस त्यात गेले. माझं ठाम मत आहे की वाक्प्रचार पहिल्या वर्षापासून शिकवावेत. अर्थाची यादी पाठ करून नव्हे, मागचं चित्र दाखवून.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड
ताई, अजिबात पटलं नाही. चूक मेल लिहिणाऱ्याची. आमची निम्मी गिऱ्हाइकं अशी, की इंग्रजी त्यांचीही मायबोली नाही. आणि ज्यांची आहे त्यांच्यात तरी कुठं एकमत? अमेरिकेतला 'टेबल इट' म्हणाला तर विषय बाजूला ठेवा, इंग्लंडातला म्हणाला तर चर्चेला घ्या! पोरांना जीएसएम (चौरस मीटरमागे कापडाचं ग्रॅममधलं वजन) कमी का भरला, कंटेनर कधी सुटणार, हे सरळ लिहिता येऊ द्या. आधी भाकरी, मग शेंगाचटणी.

शिकवणीताई
लिहिताना वापरू नका, हे मलाही मान्य. पण समोरचा वापरतो त्याचं काय? कळायला तर हवं.

निवृत्त मास्तर, सात रस्ता
मी चाळीस वर्षं मराठी शिकवलं. सरळ जोडी लावा. 'कट युअर कोट अकॉर्डिंग टू युअर क्लॉथ' म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरावे. न्यूकॅसलहून कोळसा जहाजांनी बाहेर जायचा, म्हणून 'कोल्स टू न्यूकॅसल' म्हणजे सोलापूरला चादरी नेणं. एका वाक्यात काम झालं.

शिकवणीताई
सर, चादरीचं उद्याच सांगते वर्गात. पण जोडी फसवतेही. 'डाइड इन द वूल' एकानं 'मुरलेला' असं लिहिलं. मुरलेला अनुभवानं होतो. इथं लोकर कातायच्या आधीच रंगवलेली, रंग धाग्याच्या आत. म्हणजे कट्टर, न बदलणारा.
उलट 'ऑन टेंटरहुक्स' म्हणजे जीव टांगणीला लागणं, ही जोडी चपखल. टेंटर म्हणजे धुतलेलं लोकरी कापड आटू नये म्हणून ताणून वाळवायची चौकट, हुक म्हणजे तिचे आकडे. फळ्यावर चौकट काढली तशी मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, आमचे नाना प्रोसेस हाऊसला स्टेंटरवर आहेत, तेच ना हे?" तेच. स्टेंटर म्हणजे कापड ताणून वाळवायचं यंत्र. शब्दही त्याच घराण्यातला. क्लिपांत ताणलेलं कापड कसं पुढं सरकतं ते मग तिनंच हातवारे करून वर्गाला दाखवलं. ही पोरगी तो वाक्प्रचार विसरेल का, सांगा.

टॉवेलवाला
स्टेंटरचं पटलं. तरी वर्षभर वाक्प्रचार घोकायला माझा विरोधच. माझ्याकडचे दहा मेल नावगाव खोडून देतो. वर्गात वाचून घ्या, कुठं अडतात बघा. जेवढ्यावर अडतील तेवढेच शिकवा.

शिकवणीताई
द्या. सोमवारीच घेते.