मिशिगनमधली घरची गांजाची झाडं : पळवाट कोणाची?

रानजाई
‘आता गल्लोगल्ली गांजाची दुकानं झाली, केअरगिव्हरची, म्हणजे पेशंटसाठी घरी झाडं लावून देणाऱ्याची, पळवाट बंद करा. ७२ झाडं म्हणजे औषध नव्हे, धंदा,’ असं डेट्रॉइटकर यांनी काल लिहिलं. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

नवऱ्याला एमएस (मल्टिपल स्क्लेरॉसिस, मज्जासंस्थेचा आजार) आहे. रात्री दोनला पोटरीत गोळा येतो, पाय लाकडासारखा ताठ होतो. मी दोन्ही हातांनी टाच धरून बसते. त्याच्याकडे पेशंटचं कार्ड आहे. २००८ च्या कायद्याने स्वतःची १२ झाडं लावता येतात. पण हात थरथरणारा माणूस झाडं छाटणार कशी? तो नागरिक, मी ग्रीन कार्डवर, नागरिकत्वाचा अर्ज तोंडावर. मी हातही लावू शकत नाही. म्हणून गल्लीतले एक निवृत्त आजोबा आमचे केअरगिव्हर. झाडं त्यांच्या तळघरात, खोलीला कुलूप, किल्ली त्यांच्याचकडे. याला मानवतो तोच वाण तीन वर्षं लावताहेत. दुकानात आज मिळालेला माल पुढच्या महिन्यात नसतो.

डेट्रॉइटकर
तुमच्या घरच्यांबद्दल मी बोललोच नव्हतो. माझ्या कुंपणापलीकडचा बघा. पाच पेशंट आणि सहावा स्वतः, झाली ७२ झाडं. सप्टेंबरभर खिडकी उघडता येत नाही. मुलीच्या वाढदिवसाला पाहुणे विचारत होते, स्कंक (घाण वास सोडणारा प्राणी) मेलाय का? तक्रार केली तर ‘कायद्यात बसतं.’ २०२१ मध्ये झाडं कमी करायची विधेयकं आली, राजधानी लान्सिंगला निदर्शनं झाली, विधेयकं बारगळली. शेजाऱ्यांसाठी कोण निदर्शनं करणार?

अळूवडी
वासाला कार्बन फिल्टर आहे. मला रानजाईंच्या अर्जाची धास्ती वाटते. राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाशी संबंध आला तर ‘सद्वर्तन’ नाही म्हणून नागरिकत्व अडू शकतं, हे इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये लेखी सांगितलंय. माझ्या मैत्रिणीला केमोत पाणीसुद्धा पचत नव्हतं. एच-वन व्हिसावर होती, म्हणून शेवटपर्यंत गांजाला शिवली नाही.

सातारकर
मग त्या वाटेला जायचंच कशाला? आपल्याकडे विनापरवाना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, तेच बरं.

अळूवडी
तेच बरं? तिच्या उशाशी बसला होतात का तुम्ही? आणि १९८५ च्या त्याच कायद्याने नुसती पानं गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवलीत. राजस्थानात सरकारमान्य ठेक्यावर भांग मिळते. होळीला चालते, आजाऱ्याला नाही?

सातारकर
आवाज चढवू नका. व्यसनापायी सख्खा चुलतभाऊ गेलाय माझा. मला शिकवू नका.

डेट्रॉइटकर
विषयावर या. रानजाई, तुमचं ऐकून एवढं मान्य करतो : एक-दोन पेशंटचा केअरगिव्हर राहू दे. ७२ ला विरोध कायम.

रानजाई
आजोबांचे पाच पेशंट आहेत. उरलेल्या तिघांना तुम्ही सांगणार का, की तुम्ही बसत नाही? वासाचं मात्र मान्य. फिल्टर सक्तीचा करा, मी स्वतः सही करीन.

अळूवडी
अर्जाआधी वकील गाठा. आणि त्या तळघरात पाय ठेवू नका.

रानजाई
तीन वर्षांत ती खोली आतून पाहिलेली नाही. तेलाच्या बाटलीचं झाकणसुद्धा तोच उघडतो, कितीही वेळ लागला तरी. मी फक्त पाय धरते.