मदत हवी आहे: ल शांबोंबद्दल मराठीत काही वाचायला मिळेल का?

सर्वांना सलाम. मी एका लहान ख्रिस्ती मंडळीचा पाळक. उपासनेनंतर आमचा वाचनगट बसतो. पुढच्या बैठकांसाठी दुसऱ्या महायुद्धातलं फ्रान्समधलं ल शांबों-सुर-लिन्यों हे गाव घ्यायचं ठरवलंय.

२२ जून १९४० ला फ्रान्सने जर्मनीशी युद्धबंदीचा करार केला. दुसऱ्याच दिवशी तिथले पाळक आंद्रे त्रोक्मे आणि एदुआर तेस यांनी उपदेशात सांगितलं, की आत्म्याच्या शस्त्रांनी प्रतिकार करा. पुढे गावाने आणि आसपासच्या पठाराने हजारो निर्वासित लपवले, त्यांत बरेच ज्यू. १९४३ मध्ये या दोघा पाळकांना अटकही झाली. मला भावतं ते हे, की मदतीचं जाळं बऱ्याच अंशी मंडळीतल्या बायबल-अभ्यासाच्या छोट्या गटांतूनच विणलं गेलं. (आमच्या गटात मात्र चहा कोणी करायचा यावरच एकमत होत नाही!)

अडचण अशी, की माझ्याकडे जे आहे ते सगळं इंग्रजीत, आणि गटातल्या ज्येष्ठांना ते झेपत नाही. मराठीत एखादा लेख, जुन्या मासिकातलं टिपण, काहीही चालेल. निर्वासितांना वाचवायला तिथे बनावट ओळखपत्रंही केली जात. तो विषय निघाला की "पाळकाने खोट्याला साथ द्यावी का?" हा वाद हमखास होणार. माझं मत द्यावी असंच आहे, पण मला ते व्यासपीठावरून लादायचं नाही. अशी चर्चा कोणी घेतली असेल तर सुरुवात कशी केली, शास्त्रपाठ कोणता घेतला, ते कृपया सांगा. बायबलमधल्या निर्गम १ मधल्या, फारो राजाशी खोटं बोलून इब्री बाळांना वाचवणाऱ्या सुइणी माझ्या मनात आहेत.