मस्कीसाठी मिनेसोटा: ऑक्टोबर-नोव्हेंबरात आठ दिवस, तयारी कशी करावी?

गोदाकाठ_गळ (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. नाथसागर, येलदरी, माजलगाव या पाण्यांवर मरळ आणि शिवड्याच्या मागं असणारे आम्ही तिघं यंदा मस्कीसाठी (उत्तर अमेरिकेतला पाइक कुळातला मोठा शिकारी मासा) अमेरिकेत मिनेसोटाला जायलोत. मेहुणे मिनियापोलिसला असतात. त्यांच्याकडे अठरा फुटी बोट आहे, पण ते फक्त वॉलआय मासा धरतात, मस्कीचा अनुभव नाही. २० ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबर यातले आठ दिवस काढता येतील. कुठले काढावेत? तिथला मिल लॅक्स तलाव बरा की लीच लेक? का सरळ कॅनडात लेक ऑफ द वूड्स गाठावं? आमच्याकडे सात फुटी रॉड आणि ३० पौंडी ब्रेड (विणलेली) दोरी आहे, ती चालेल का? थंडीचंही सांगा, इथं १० अंशांच्या खाली गेलं तरी आपण शेकोटी पेटवतो.

विष्णुपुरी_नांदेड

भाऊ, आधी कॅनडाचं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला तरी कॅनडाचा वेगळा काढावा लागतो, लायसन्सही वेगळं. तिथं स्वस्तातलं कॉन्झर्वेशन लायसन्स घेतलं तर मस्की ठेवायची मर्यादा शून्य असते. आठच दिवस आहेत, तेव्हा सीमा ओलांडू नका. मिनेसोटात मस्कीचा हंगाम १ डिसेंबरपर्यंत असतो, त्यामुळे तुमच्या सगळ्या तारखा बसतात. परराज्यातल्या आणि परदेशी माणसाला एक, तीन किंवा सात दिवसांचं लायसन्स ऑनलाइन मिळतं. आठ दिवस बसणार असाल तर सात दिवसांचं आणि वर एक दिवसाचं असा हिशेब धरा. ५४ इंचांखालचा मस्की ठेवता येत नाही, आणि त्यावरचाही ठेवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. एवढा मासा व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात.

आता दिवस. कॅलेंडर बघून ठरवू नका, पाण्याचं तापमान बघून ठरवा. उन्हाळ्यात खोल तलावात वर कोमट हलकं पाणी आणि खाली गार जड पाणी असे थर पडतात. थंडी सुरू झाली की वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं, वारा ते ढवळतो आणि सगळा तलाव एकाच तापमानाचा होतो. याला टर्नओव्हर म्हणतात. त्या आठवड्यात पाणी गढूळ दिसतं, कुजक्या गवताचे तुकडे वर येतात, मासा विखुरतो आणि आमिषाकडं बघत नाही. पण मिल लॅक्स नाथसागरापेक्षा मोठा (नाथसागर सुमारे ३५०, हा ५३० चौरस किलोमीटरच्या वर) असूनही जेमतेम ४०-४२ फूट खोल आहे. वारा त्याला उन्हाळाभर ढवळत असतो, म्हणून तिथं टर्नओव्हरचा फटका कमी. लीच लेकचा मुख्य भागही तसाच उथळ, पण त्याची वॉकर बे दीडशे फुटांवर खोल आहे. तिथं तो आठवडा नक्की टाळा.

पाणी १३ वरून १० अंशांवर येईपर्यंत मस्की हिरव्या राहिलेल्या पाणगवताच्या कडेला असतो. तपकिरी पडलेलं गवत सोडून द्या. १० च्या खाली गेलं की जिथं आठ-दहा फुटांचा खडक एकदम खोल पाण्यात उतरतो अशा कडा धरा. पाच अंशांच्या आसपास टुलिबी नावाचा चंदेरी मासा अंडी घालायला खडकाळ उथळ्यावर येतो आणि मस्कीच्या मोठ्या माद्या त्याच्या मागं येतात. म्हणून २९ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर हे दिवस मला पटतात, आणि पहिले दोन दिवस तरी तिथला गाइड घ्या.

दोन गोष्टी लोक विसरतात. ऑक्टोबरअखेर बऱ्याच घाटांवरचे लाकडी धक्के काढून ठेवलेले असतात, रिसॉर्टही बंद होऊ लागतात. बोट उतरवायला छातीपर्यंतचे वेडर (पाणी न शिरणारी विजार) लागतील आणि राहायची जागा आधी फोन करून पक्की करावी लागेल. दुसरं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागं जातं. त्याआधी सूर्य संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो, त्यानंतर पाचलाच.

लातूरकर_विस्कॉन्सिन

सात फुटी रॉड आणि ३० पौंडी दोरी घरीच ठेवा. इथली शरदातली आमिषं दीडशे ग्रॅमपासून पाव किलोपर्यंत असतात. रीलवर गुंता झाला तर ३० पौंडी दोरी तटकन तुटते आणि तीन-तीन गळांचं आमिष पाण्यात जातं. साडेआठ ते नऊ फुटी एक्स्ट्रा हेवी रॉड, मोठं बेटकास्टिंग रील, ८० ते १०० पौंडी ब्रेड आणि पुढं १३० पौंडी फ्लुरोकार्बनचा फूट-दीड फूट लीडर, म्हणजे आमिषाआधीचा जाड दोरीचा तुकडा. लीडरशिवाय एकही फेक नको, दात ब्रेडला वस्तऱ्यासारखे कापतात. नऊ फुटी अखंड रॉड विमानात आणणं कटकटीचं आहे, इथंच घ्या किंवा गाइडचा वापरा. तिकडून पोलराइज्ड चष्मा आणि हेडलॅम्प आणा. सुटी लिथियम बॅटरी हातसामानात, गळ आणि पकडी मात्र चेक-इन बॅगेत.

आमिषं मोजकी घ्या: दहा इंची जड रबरी दोन, खोल बुडणारे क्रँकबेट (माशाच्या आकाराचं कडक आमिष) दोन, एक जर्कबेट (झटके देत ओढायचं आमिष). गार पाण्यात रबरी आमिष ओढा, थांबवा, बुडू द्या, पुन्हा ओढा. घाई केली की मासा मागं येतो आणि परत फिरतो.

मरळवाल्यांची एक सवय इथं नडते. बेडूक-आमिष काठाशी आलं की आपण उचलून पुढची फेक करतो. मस्की बोटीपर्यंत मागं येतो आणि गार पाण्यात इतका खोल असतो की दिसत नाही. म्हणून प्रत्येक फेकीच्या शेवटी, मासा दिसो न दिसो, फूटभर लीडर बाहेर ठेवून रॉडचं टोक दोन-तीन फूट पाण्यात बुडवायचं आणि मराठी चाराचा आकडा आडवा काढतात तसे रुंद वळसे घ्यायचे, निदान दोन. वळण अरुंद केलंत तर चार फुटी मासा वळूच शकत नाही. दंश झाला की रॉड वर नेऊ नका. खाली ठेवून आडवा जोरदार ओढा आणि रील फिरवत राहा. जबडा हाडाचा आहे, वर उचललेला गळ निसटतो.

ट्रोलिंग (चालत्या बोटीमागं आमिष ओढणं) करणार असाल तर ताशी ४ ते ५ किलोमीटर वेग, कडेच्या रेषेला समांतर, आणि काउंटर असलेलं रील, म्हणजे दोरी किती बाहेर आहे ते कळतं. थोडं नागमोडी चला. वळणावर आतलं आमिष मंदावतं, बाहेरचं जोर धरतं. कुठल्यावर दंश येतो त्यावरून त्या दिवशीचा वेग ठरवा.

पूर्णाकाठ_परभणी

वरच्या दोघांनी मासा कसा धरायचा ते सांगितलं, मी सोडण्याबद्दल लिहितो, कारण आपल्याकडची सवय इथं जीव घेते. मरळ हवेतून श्वास घेतो, बाजारात घमेल्यात तासन्‌तास जिवंत राहतो. मस्कीचं तसं नाही. बाहेर काढल्या क्षणापासून त्याचा श्वास कोंडतो, आणि हवा शून्याखाली असेल तर कल्ले आणि डोळे गोठून इजा होते.

पहिली फेक करण्याआधी रबर चढवलेली मोठी खोल हातजाळी, फूटभर लांब पक्कड आणि जाड गळ तोडणारा छोटा बोल्ट कटर हाताशी ठेवा. गळांचे उलटे काटे आधीच पक्कडीनं दाबून टाका. मासा जाळीत आला की जाळी पाण्यातच धरायची आणि तिथंच गळ सोडवायचा. अडकला तर ओढाताण नको, गळ तोडा, नवा बसवता येतो. फोटो हवा असेल तर कॅमेरा तयार झाल्यावरच उचला, एक हात कल्ल्याच्या झाकणाखाली आणि दुसरा पोटाखाली, आडवा, दहा सेकंद. उभा टांगू नका. मग शेपटीचं मूळ धरून पाण्यात सरळ ठेवा, तो स्वतः जोर लावेल तेव्हाच सोडा.

तुमच्या जिवाचं: दहा अंशांखालच्या पाण्यात पडलं तर पहिल्या मिनिटात धाप लागते, साधारण दहा मिनिटांत हात निकामी होतात. पोहता येणं तेव्हा उपयोगी पडत नाही. लाइफ जॅकेट अंगावरच हवं, सीटखाली नव्हे, आणि इंजिनच्या बंद करणाऱ्या कळीची दोरी चालवणाऱ्याला बांधलेली. आत लोकर किंवा सिंथेटिक थर, सुती बनियनसुद्धा नको. ओलं सुती कापड अंगातली ऊब शोषतं. हातमोजे प्रत्येकी तीन जोड. रॉडच्या कड्यांत बर्फ साचला तर टोक पाण्यात बुडवा, बोटानं खरवडलं तर कडी तुटते. मिल लॅक्सवर उथळ पाण्यामुळं लाटा आखूड आणि उभ्या येतात. वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर असेल तर अठरा फुटी बोटीनं मधे जाऊ नका, आडोशाच्या किनाऱ्यालाच राहा.

गोदाकाठ_गळ

मनापासून आभार. तारखा २९ ते ५ पक्क्या करतो. एकच राहिलं: व्हिडिओत बघितलं की जिवंत सकर मासा लावून एक दोरी मागं सोडतात आणि दुसऱ्या रॉडनं फेक करतात. आम्ही करावं का?

लातूरकर_विस्कॉन्सिन

ते व्हिडिओ बहुधा आमच्याकडचे. विस्कॉन्सिनमध्ये माणशी तीन दोऱ्या चालतात. मिनेसोटात उघड्या (न गोठलेल्या) पाण्यात माणशी एकच, म्हणजे मागं सकर सोडणाऱ्यानं फेक करायची नाही. चौघांत एकानं सकर सांभाळावा. क्विक-स्ट्राइक जोडणीच घ्या, दोन तिहेरी गळांची, एक डोक्याजवळ, एक पाठीच्या पराजवळ. मस्कीनं सकर तोंडात घेतला की बोट त्याच्या जवळ न्या आणि लगेच ओढा. गिळायची वाट पाहिली तर गळ पोटात जातो आणि सोडलेला मासा नंतर मरतो. बोट बाहेर काढली की तळाचं बूच काढून सगळं पाणी वाहू देऊन मगच रस्त्याला लागा, तिथं तसा कायदा आहे. उरलेला सकर ठेवायचा असेल तर तलावाचं पाणी ओतून नळाचं किंवा बाटलीचं घाला. त्यासाठी पाण्याचे दोन कॅन गाडीतच असू द्या.