शब्दचर्चा: 'उत्तेजन' मिळालं की 'धीर' मिळाला?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी, एका शब्दावर दोन दिवस अडून बसलेय. आजारी माणसांना आणि त्यांच्या उशाशी बसणाऱ्यांना वाटायला एक चार पानी पत्रक करतोय आम्ही, त्यात बायबलमधली थोडी वचनं आणि दोनतीन जणांच्या साक्षी, म्हणजे देवाविषयीचे त्यांचे स्वतःचे अनुभव. मूळ मजकूर इंग्रजीत आहे आणि पानोपानी 'एन्करेजमेंट'. मी लहानपणापासून मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ऐकलेला शब्द लिहिला, उत्तेजन. आमच्यात सर्रास म्हणतात, "तुमच्या साक्षीने फार उत्तेजन मिळालं", "आज एक उत्तेजनपर वचन मिळालं". एका साक्षीत मी लिहून गेले की "हे वचन वाचून मी उत्तेजित झाले". तपासायला एका मैत्रिणीला दिलं, ती ख्रिस्ती नाही पण मराठी फार चांगलं आहे तिचं, तिने शब्दाला लाल गोल केला आणि म्हणाली हे छापू नकोस, लोक भलताच अर्थ घेतील. मला आधी रागच आला, कारण हा माझ्या आईच्या तोंडचा शब्द. मग वाटलं तिचं बरोबर असेल. काय लिहू? प्रोत्साहन लिहिलं तर बक्षीस समारंभात बसल्यासारखं वाटतं.

तळटीप:
उत्तेजनच ठेवा. उत्+तिज्, तिज् म्हणजे धार लावणं, तेज आणि तीक्ष्ण त्याच धातूचे. बोथट झालेल्याला पुन्हा धार आणणं म्हणजे उत्तेजन. १८७५ ची वेदशास्त्रोत्तेजक सभा बघा, १८९४ ची ग्रंथोत्तेजक संस्था बघा, तेव्हा कुणाला या शब्दात वावगं वाटलं नाही. जाहिरातवाल्यांनी आणि डोपिंगच्या बातम्यांनी एक चांगला शब्द बिघडवला म्हणून आपण तो टाकून द्यायचा का? असे टाकत गेलो तर हातात काय उरेल.

निळाई:
तळटीप, तुमचं व्युत्पत्तीचं सगळं मान्य, पण पत्रक वाचणारा माणूस सलाइन लावून पडलेला असणार आहे. त्याला धातू माहीत नाही. त्याला आज तो शब्द जसा ऐकू येतो तसाच पोचणार. 'धीर' लिहा ताई. धीर देणं, धीर येणं, धीर सुटणं, प्रत्येक घरात रोज बोललं जातं.

जुनी_पोथी:
धीर लिहायला हरकत नाही पण एक अडचण सांगतो. आपल्या प्रचलित मराठी बायबलात धीर हा दुसऱ्याच कामाला लावलाय. नव्या करारातल्या रोमकरांस या पत्राच्या ५ व्या अध्यायात "संकटाने धीर, धीराने शील व शीलाने आशा" असं आहे, तिथे धीर म्हणजे टिकून राहणं, चिकाटी, मूळ ग्रीक 'हुपोमोने'. आणि रोमकरांस १५:४ ला तर दोन्ही शेजारी शेजारी आहेत, "धीराच्या व शास्त्रापासून मिळणाऱ्या उत्तेजनाच्या योगे". आता तुम्ही उत्तेजनाचा धीर केलात तर हे वचन "धीराच्या व धीराच्या योगे" होईल.

पाऊलवाट:
अय्या, हेच वचन पहिल्या पानावर आहे!

जुनी_पोथी:
मग थोडं सविस्तर लिहितो. उत्तेजन, बोध, सांत्वन, कैवारी हे मराठीत चार शब्द, एकमेकांशी काही नातं दिसत नाही. ग्रीकमध्ये चारही एकाच घरातले. 'पाराकालेओ' म्हणजे जवळ बोलावणं, बाजूला बोलावणं. त्यावरून 'पाराक्लेसिस'. रोम १५ मध्ये त्याचं उत्तेजन झालं. २ करिंथ १ मध्ये "सर्व सांत्वनदाता देव" म्हणून सांत्वन झालं. इब्री ३:१३ मध्ये "एकमेकांना बोध करा" म्हणून बोध झाला. आणि योहान १४ मध्ये पवित्र आत्म्याला 'पाराक्लेतोस' म्हटलंय त्याचा झाला कैवारी. प्रेषितांची कृत्ये ४:३६ मध्ये योसेफ नावाच्या लेवी वंशातल्या माणसाला प्रेषितांनी बर्णबा असं टोपणनाव ठेवलं, इंग्रजीत त्याचा अर्थ 'सन ऑफ एन्करेजमेंट' देतात, आपल्याकडे बोधपुत्र. मी कितीतरी वर्षं समजत होतो की हा बर्णबा फार उपदेश करत असणार. उलट तो माणूस शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवणारा, आणि आधी ख्रिस्ती लोकांचा छळ केलेल्या शौलाला (हाच पुढे पौल) सगळे घाबरत होते तेव्हा त्याला हाताला धरून प्रेषितांकडे नेणारा. उपदेश कमी, शेजारी उभं राहणं जास्त.

खडीसाखर:
बोधपुत्र वाचून माझाही तोच समज होता. आता बोध म्हटलं की बोधकथा आणि खाली तात्पर्य. पण बुध् म्हणजे जागं होणं ना? मग बोध करणं म्हणजे जागं करणं, झोपलेल्याला हलवून उठवणं. तसं घेतलं तर चांगला शब्द आहे. संतांकडेही बोध म्हणजे लेक्चर नाही.

निळाई:
खडीसाखर, पण आजाऱ्याला कोण बोध करतं हो. आमच्या घरात एक मोठं आजारपण झालं तेव्हा जे जे भेटायला आले त्यातले निम्मे बोध करून गेले. देवाची परीक्षा आहे, पाप तपासून बघा, विश्वास कमी पडतोय. मी देवावर विश्वास ठेवणारी बाई, तरी ते ऐकून मला आठवडाभर बायबल उघडवेना. त्या काळात एकच मावशी अशा होत्या की त्या यायच्या, भांडी घासून जायच्या, जाताना एवढंच म्हणायच्या, "प्रार्थनेत आहात हं तुम्ही". त्यांच्यामुळे मी परत स्तोत्रं वाचायला लागले. ते काय होतं, बोध की उत्तेजन की धीर, मला नाही सांगता येत.

जुनी_पोथी:
पाराक्लेसिसच होता तो.

तळटीप:
ग्रीक शब्द मराठीत आणून प्रश्न सुटत नाही. आणि आता ऐका, मी कालपासून हेच धुंडाळतोय. इब्री १०:२४ ला "प्रीती व सत्कर्मे करण्यास उत्तेजन येईल असे एकमेकांकडे लक्ष देऊ" असं आहे. जुनी_पोथी, तिथे मूळ शब्द पाराक्लेसिस आहे का?

जुनी_पोथी:
नाही. तिथे 'पारॉक्सिस्मोस' आहे. पाराकालेओ पुढच्याच २५ व्या वचनात आहे, तिथे आपल्याकडे बोध.

तळटीप:
बघा! 'ऑक्सुस' म्हणजे तीक्ष्ण, धारदार. पारॉक्सिस्मोस म्हणजे धार काढणं, टोचणं, डिवचणं. आणि उत्तेजन म्हणजे तिज्, धार काढणं. ज्याने कुणी तिथे उत्तेजन हा शब्द बसवला त्याने मोजून बसवलाय. आणि नीतिसूत्रे २७:१७, "तिखे तिख्यास पाणीदार करते, तसा मनुष्य आपल्या मित्राचे तोंड पाणीदार करतो". पाणीदार करणं म्हणजे धार आणणं आणि तिखे म्हणजे पोलाद, आता कुणी म्हणत नाही, पण तिखे हाही तीक्ष्णावरूनच. म्हणजे तिखे आणि उत्तेजन एकाच धातूची लेकरं! विश्वासणाऱ्याने विश्वासणाऱ्याला पोलादासारखी धार लावायची. हे 'धीर' या मऊ शब्दात कुठून येणार? म्हणून म्हणतो, शब्द टाकू नका, वाचकाला शिकवा.

ओलीमाती:
धीर मऊ कुठे आहे? धीरगंभीर, धीरोदात्त म्हणतो आपण. आणि धीर हा धरण्यावरून आलाय, धर, धरणी, धैर्य, जे धरून ठेवतं ते. यहोशवा १:९ घ्या, "खंबीर हो, हिंमत धर, घाबरू नको, कचरू नको". धरायचीच गोष्ट आहे ती.

तळटीप:
धीर थेट 'धृ'वरून म्हणणं इतकं सरळ नाही, संस्कृतात धीर दोन आहेत, एक स्थिर या अर्थाचा आणि एक बुद्धिमान, धी वरून. आणि हिंमत तर अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, तो शास्त्रात कशाला हवा होता? धैर्य होतं ना.

ओलीमाती:
मग खातरी पण काढा. "न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी", इब्री ११:१. तीही अरबीच. विश्वासाची व्याख्याच परक्या शब्दावर उभी आहे आणि मला ती मराठीतली सगळ्यात पक्की व्याख्या वाटते, कारण खातरी हा व्यवहारातला शब्द आहे, पैसे देताना, जमीन घेताना आपण खातरी करून घेतो. "धैर्य धर" म्हटल्यावर मला काही होत नाही. "हिंमत धर" म्हटल्यावर पाठ सरळ होते. नोकरी गेली होती माझी, नऊ महिने घरी होतो, रोज सकाळी मोबाईलच्या पहिल्या स्क्रीनवर हेच वचन. तेव्हा मला कुठला शब्द कुठून आला याने फरक पडला नाही.

तळटीप:
तुमच्या अनुभवाबद्दल मला आदरच आहे. पण अनुभव हा शब्दाचा पुरावा होत नाही.

खडीसाखर:
होतो की, शब्द लोकांच्या अनुभवातच तर जगतो. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी १६१६ च्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, कारण ऐकणाऱ्याच्या मनात तो शब्द आधीच घर करून होता. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि पुस्तक १९२४ ला निघालं. इतका जीव ओतला तो ऐकणाऱ्यासाठीच ना.

निळाई:
अजून एक सुचलं. स्पर्धेत पहिला दुसरा तिसरा नंबर देऊन झाले की 'उत्तेजनार्थ' बक्षीस असतं ना? इंग्रजीत त्यालाच 'कन्सोलेशन' म्हणतात, म्हणजे सांत्वन. एकच बक्षीस, आपण म्हणतो उत्तेजन आणि ते म्हणतात सांत्वन. म्हणजे ग्रीक शब्दाचे दोन्ही अर्थ त्या एका कपात आले.

जुनी_पोथी:
निळाई ताई, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. फार सुंदर.

पाऊलवाट:
सगळ्यांचे आभार, पण मी अजून तिथेच आहे 😊 सांत्वन तर मला लिहायचंच नाहीये, कारण आज सांत्वनाला जायचं म्हणजे माणूस गेल्यावर जायचं. पेशंटच्या हातात 'सांत्वन' लिहिलेलं पत्रक दिलं तर त्याला काय वाटेल. १ थेस्सलनी ५:११ ला पण "एकमेकांचे सांत्वन करा" आहे, ते वचन मी त्याच कारणाने गाळलं.

रात्रपाळी:
मी नर्स आहे, म्हणून लिहितेय, नाहीतर एवढ्या विद्वान चर्चेत मी काही बोलले नसते. पाऊलवाट ताई, पत्रकात स्तोत्र २३ आहे का? असणारच. त्यात "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात" ही ओळ आहे, ती आधी बघा. एका रात्री एका पेशंटच्या बायकोने मला वाचून दाखवायला सांगितलं, तिला चष्मा नव्हता. मी वाचत गेले, मृत्युच्छायेच्या दरीपर्यंत ती डोळे मिटून ऐकत होती आणि आकडीला तिने एकदम डोळे उघडले. तिच्या नवऱ्याला दोन दिवसांत तीनदा आकडी आली होती. ती म्हणाली, सिस्टर, देवाची आकडी धीर कशी देईल? मला उत्तर येईना. मी स्वतः ख्रिस्ती, पाठ आहे मला हे स्तोत्र, पण या शब्दावर मी कधी थांबलेच नव्हते. शेवटी मी म्हटलं ती मेंढपाळाची काठी असते वाकड्या टोकाची. तिला पटलं की नाही माहीत नाही. पण तिने परत पहिल्यापासून वाचायला लावलं, आणि दुसऱ्यांदा त्या ओळीला नवऱ्याचा हात धरला.

पाऊलवाट:
हे वाचून अंगावर काटा आला. तिसऱ्या पानावर मोठ्या अक्षरात हीच ओळ आहे आणि हे पत्रक दवाखान्यातच जाणार.

तळटीप:
आकडी हा आकड्यावरूनचाच शब्द आहे, टोक वळलेली काठी. झटक्यात अंग वाकडं होतं म्हणून त्या आजारालाही आकडी म्हणत असावेत. पण रात्रपाळी ताई, इथे मी अडून बसणार नाही. त्या बाईंसमोर मीही तुमच्यासारखंच काहीतरी म्हटलं असतं.

जुनी_पोथी:
आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे, या ओळीतलं "धीर देतात" आणि यशया ४०:१ मधलं "सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा", हिब्रूत दोन्हीकडे एकच क्रियापद, 'नाहम'. जुन्या ग्रीक भाषांतरात दोन्हीकडे पाराकालेओ. म्हणजे धीर हाही त्याच घरातला निघाला. मी वर घातलेला अडथळा माझा मीच थोडा मागे घेतो.

माळरान:
आमच्या घरात मेंढरं होती, आजोबांच्या काळापर्यंत. आकडी म्हणजे लांब काठी, टोकाला वळण. उंचावरची फांदी त्याने खाली ओढायची म्हणजे मेंढरांच्या तोंडाला पाला येतो. कोकरू खड्ड्यात घसरलं तर त्याच वळणात अडकवून वर घ्यायचं. काठी वेगळी, ती कुत्र्या-लांडग्यासाठी. आजोबा अंधार पडला की काठी जमिनीवर आपटत चालायचे, कुणाला हाकायला नाही, मेंढरांना कळावं म्हणून की माणूस इथेच आहे. कळप तो आवाज ऐकत ऐकत चालायचा. मला हे स्तोत्र खूप उशिरा वाचायला मिळालं आणि त्या ओळीला मला आजोबांची काठीच ऐकू आली.

ओलीमाती:
माळरान दादा, मग आकडी आणि काठी दोन वेगळ्या वस्तू? मी आजवर एकाच काठीचं दोनदा वर्णन समजत होतो.

माळरान:
आमच्याकडे तरी दोन. एकीने जवळ ओढायचं, दुसरीने राखायचं.

पाऊलवाट:
दादा, तुमचा हा मजकूर त्या ओळीखाली बारीक टाइपात घेऊ का? नाव नाही घालणार, 'एका मेंढपाळाचा नातू' एवढंच. आकडी तशीच ठेवते मग, काढत नाही. वरच्या मथळ्याचं अजून ठरलेलं नाही, आईला फोन करून विचारते, ती अजूनही उत्तेजनच म्हणेल.

माळरान:
घ्या की. फक्त लांडग्याचं राहू द्या, ते गाळू नका.

रात्रपाळी:
ताई, छापून झालं की दहा प्रती माझ्यासाठी बाजूला ठेवा. आणि अक्षर मोठं ठेवा, रात्री वॉर्डात दिवे मंद असतात.