मूळ आणि म्युटंट प्रथिनातले रेसिड्यू-कॉन्टॅक्ट: कटऑफ बदलला की यादीच बदलते

पेप्टाइड_बंध (प्रश्न)

एका होमोडायमर (दोन सारख्या साखळ्यांच्या) एन्झाइमच्या दोन क्रिस्टल संरचना ताडून पाहायच्या आहेत. मूळ प्रथिनाची १.८ अँगस्ट्रॉम रिझोल्यूशनची, म्युटंटची २.९ ची (आकडा जितका लहान तितके अणू स्पष्ट). म्युटेशन इंटरफेसपासून (दोन साखळ्या टेकतात त्या जागेपासून) लांब, एका लूपमध्ये आहे. कॉन्टॅक्ट, म्हणजे ठराविक अंतराच्या (कटऑफच्या) आत असलेल्या रेसिड्यूंच्या (साखळीतल्या अमिनो आम्लांच्या) जोड्या, तीन प्रकारे काढले: सीअल्फा–सीअल्फा (मुख्य साखळीतला कार्बन) ८ अँगस्ट्रॉम, सीबीटा–सीबीटा (बाजूसाखळीचा पहिला कार्बन) ८ अँगस्ट्रॉम, आणि हायड्रोजन वगळून कुठलेही दोन अणू ४.५ च्या आत. तिन्ही याद्यांचा मेळ बसत नाही. तिसऱ्या यादीप्रमाणे म्युटंटच्या इंटरफेसवरचे बरेच कॉन्टॅक्ट नाहीसे झालेत, त्यात एक आर्जिनिन–ग्लुटामेट जोडीही आहे. पण सीअल्फाच्या यादीत ती जोडी मूळ संरचनेतसुद्धा नाही!

दोन्हींचे मॉलिक्युलर डायनॅमिक्सही (अणूंच्या हालचालींचे सिम्युलेशन) केले आहे, प्रत्येकी ३ रन, २०० नॅनोसेकंदांचे. एमडीट्राज या पायथन लायब्ररीत तोच ४.५ चा कटऑफ दिला तर प्रत्येक जोडी प्रत्येक फ्रेममध्ये (सिम्युलेशनच्या क्षणचित्रात) कॉन्टॅक्टमध्ये दिसते.

कोणती पद्धत धरावी? आणि म्युटेशनमुळे इंटरफेस सैल झाला असे म्हणता येईल का?

साखळी_ब

एमडीट्राजचे कोडे सोपे आहे: ते अंतर नॅनोमीटरमध्ये देते. तुम्ही ४५ अँगस्ट्रॉमचा कटऑफ लावलाय. ०.४५ करा. बायोपायथन आणि एमडीअॅनालिसिस या दुसऱ्या पायथन लायब्ररी अँगस्ट्रॉममध्ये चालतात, त्यामुळे एकाची संख्या दुसऱ्यात जशीच्या तशी टाकली की हे होतेच. शिवाय एमडीट्राजचे रेसिड्यू इंडेक्स शून्यापासून सुरू होतात आणि दुसऱ्या साखळीत पुढे चालू राहतात. यादी क्रिस्टलच्या क्रमांकांशी जुळवताना ते लक्षात असू द्या.

आता आर्जिनिन–ग्लुटामेट. आर्जिनिनच्या बाजूसाखळीचे टोक त्याच्या सीअल्फापासून ७ अँगस्ट्रॉमपर्यंत लांब जाऊ शकते, ग्लुटामेटचे जवळपास ५. पक्का सॉल्ट ब्रिज (विरुद्ध भारांच्या बाजूसाखळ्यांची जोडी) असूनही दोन सीअल्फांमधले अंतर १० ते १२ अँगस्ट्रॉम असणे यात काही नवल नाही. ८ च्या यादीत तो येणार कसा? सॉल्ट ब्रिज हवा असेल तर थेट आर्जिनिनचे एनई, एनएच१, एनएच२ हे नायट्रोजन आणि ग्लुटामेटचे ओई१, ओई२ हे ऑक्सिजन यांतले सर्वांत कमी अंतर मोजा, ४.० अँगस्ट्रॉमची मर्यादा रूढ आहे.

तिन्ही व्याख्या वेगवेगळ्या कामांसाठी आहेत. सीबीटा ८ अँगस्ट्रॉम (ग्लायसिनसाठी सीअल्फा) ही संरचना-भाकितातली, कॅस्प स्पर्धेतली व्याख्या. फोल्डचा (साखळीच्या एकूण घडीचा) नकाशा पाहायला ती उत्तम. सीअल्फाची यादी तर हेलिक्सनेच भरते, कारण हेलिक्समध्ये आय आणि आय+४ क्रमांकांच्या रेसिड्यूंचे सीअल्फा साधारण ६.२ अँगस्ट्रॉमवर असतात. इंटरफेसवर कोण कोणाला टेकलंय हा प्रश्न असेल तर जड अणू (हायड्रोजन सोडून) ४.५ हीच ठीक.

एक सापळा: क्रमांकात जवळ असलेल्या जोड्या गाळण्याची अट साखळीच्या आतल्या जोड्यांनाच लावा. होमोडायमरमध्ये दुहेरी सममिती-अक्षाजवळचा रेसिड्यू बऱ्याचदा आपल्याच जुळ्याला टेकतो, उदाहरणार्थ अ:४५ आणि ब:४५. क्रमांकांचा फरक शून्य, म्हणून स्क्रिप्ट ती जोडी गुपचूप गाळते आणि इंटरफेसच्या मधोमध भोक पडते.

घनता_नकाशा

कॉन्टॅक्ट "नाहीसे" झालेत की अणूच नाहीसे झालेत, ते आधी बघा. २.९ अँगस्ट्रॉमला इंटरफेसवरच्या लायसिन, आर्जिनिन, ग्लुटामेट यांच्या बाजूसाखळीची घनता (क्ष-किरणांतून मिळणारी इलेक्ट्रॉन-घनता) अनेकदा दिसत नाही. मग कोणी ती सीबीटापाशी छाटतात, कोणी ऑक्युपन्सी (अणू त्या जागी असण्याचा वाटा) शून्य ठेवतात, कोणी अंदाजाने बसवून बी-फॅक्टर (अणूच्या जागेच्या अनिश्चिततेचे माप) वाढू देतात. छाटलेल्या रेसिड्यूला ४.५ चे कॉन्टॅक्ट मिळणारच नाहीत. पीडीबी या संरचना-फाइलमध्ये रिमार्क (टिपणीच्या क्रमांकित ओळी) ४७० खाली मॉडेलमध्ये नसलेले अणू आणि ४६५ खाली नसलेले रेसिड्यू दिलेले असतात. दोन्ही फाइलींमध्ये ज्यांचे सगळे अणू आहेत तेवढेच रेसिड्यू ठेवा आणि मोजणी पुन्हा करा.

बायोपायथनच्या नेबरसर्चने (जवळचे अणू शोधणाऱ्या साधनाने) जोड्या काढत असाल तर आणखी तीन गोष्टी. पाणी आणि लिगँड आधी काढून टाका. पण सगळे हेटॅटम (नेहमीच्या अमिनो आम्लांबाहेरच्या अणूंच्या ओळी) सरसकट उडवू नका, सेलेनोमेथिओनिन (मेथिओनिनच्या जागी घातलेले अमिनो आम्ल) त्यातच असते. दुहेरी जागा असलेल्या अणूंमध्ये बायोपायथन जास्त ऑक्युपन्सीची जागा धरते. ५०-५० असेल तर कोणती जागा निवडली गेली ते उघडून पाहा. आणि असममित एककातल्या (फाइलमध्ये दिलेल्या क्रिस्टलच्या मूळ तुकड्यातल्या) दोन साखळ्या म्हणजेच खरा डायमर असे गृहीत धरू नका. रिमार्क ३५० (जैविक समूहाची माहिती) वाचा, नाहीतर क्रिस्टल पॅकिंगच (क्रिस्टलमध्ये शेजारी आलेल्या रेणूंचा स्पर्शच) इंटरफेस म्हणून मोजाल.

मग खरी कसोटी. मूळ संरचनेतच अ→ब (अ साखळीचा कोणता रेसिड्यू ब च्या कोणत्याला टेकतो) आणि ब→अ (उलट) या दोन बाजूंच्या याद्या ताडून पाहा. तंतोतंत सममिती असेल तर त्या सारख्याच यायला हव्यात. येत नाहीत, आणि तो फरक म्हणजे तुमचा गोंगाट. मूळ–म्युटंट फरक त्याहून ठळकपणे मोठा नसेल तर सांगण्यासारखे काही नाही. (डायमरची दुसरी साखळी सममितीने तयार केलेली असेल तर ही कसोटी अर्थातच लागू नाही.) २.९ ला अणूंच्या जागेतच काही दशांश अँगस्ट्रॉमची चूक असते. ४.४ ला "आहे" आणि ४.६ ला "तुटला" म्हणणे व्यर्थ. ४.०, ४.५ आणि ५.० अशा तिन्ही कटऑफना जो फरक टिकतो तोच धरा.

फ्रेम_मोजणारा

वरच्याशी सहमत, पण डायनॅमिक्सची बाजू राहिली. म्युटंटच्या छाटलेल्या बाजूसाखळ्या सिम्युलेशनआधी कुठल्यातरी प्रोग्रामने भरल्या असणार. म्हणजे इंटरफेसवरचे सुरुवातीचे रोटामर (बाजूसाखळ्यांच्या मांडण्या) प्रयोगातून आलेलेच नाहीत, आणि तिन्ही रन त्याच अंदाजावरून निघाले. असा फरक २०० नॅनोसेकंदांत पुसला जाईलच याची खात्री नाही. १.८ च्या संरचनेत म्युटेशन घालून वेगळे रन करा. निदान दोन्हींची सुरुवात एकाच जागेवरून होईल.

एकाच कटऑफने मोजले की ४.५ च्या आसपास थरथरणारी जोडी शेकडो वेळा जुळते आणि तुटते. दुहेरी मर्यादा ठेवा: ४.५ च्या आत आली की जुळली, ६ च्या पलीकडे गेली तरच तुटली. मग टिकाव काढा, म्हणजे एकूण फ्रेमपैकी किती टक्के फ्रेममध्ये कॉन्टॅक्ट आहे. तो प्रत्येक रनचा वेगळा हवा. शेजारच्या फ्रेम स्वतंत्र नसतात, त्यामुळे हजारो फ्रेम हा नमुन्याचा आकार नव्हे. तुमच्याकडे नमुने तीनच आहेत. एका जोडीचा टिकाव ९०, ८५, १० टक्के आला तर सरासरी छापू नका, तिसऱ्या रनमध्ये काय झाले ते बघा.

पेप्टाइड_बंध

रिमार्क ४७० मध्ये म्युटंटचे इंटरफेसवरचे ११ रेसिड्यू निघाले, तो आर्जिनिन त्यातलाच. ते दोन्हीकडून वगळल्यावर फरक मूळच्या अ→ब, ब→अ फरकाइतकाच उरतो. पण मग त्या आर्जिनिनबद्दल काहीच म्हणता येणार नाही का?

घनता_नकाशा

या फाइलवरून नाही. म्युटंटचा घनता-नकाशा कूट या प्रोग्राममध्ये उघडा, आर्जिनिनच्या जागी फरक-नकाशा (मोजलेल्या आणि मॉडेलच्या घनतेतला फरक) ३ सिग्माच्या पातळीला पाहा. हिरवी (मॉडेलमध्ये नसलेली) घनता ग्लुटामेटच्या दिशेने जात असेल तर बाजूसाखळी बसवून रिफाइन करा, मग मोजा. काहीच नसेल तर ती बाजूसाखळी त्या क्रिस्टलमध्ये अस्थिर आहे एवढेच लिहा. "सॉल्ट ब्रिज तुटला" लिहू नका. आणि त्याच ठिकाणी मूळच्या संरचनेत बी-फॅक्टर किती आहे तेही द्या. तिथेही तो भोवतालच्या दुप्पट असेल, तर म्युटेशनचा संबंध जोडायला जागाच नाही.

साखळी_ब

यादी प्रसिद्ध करताना क्रमांक लेखकाने दिलेले की एमएमसिफमधले (संरचनेच्या दुसऱ्या फाइल-प्रकारातले) अंतर्गत, तेही नमूद करा. बायोपायथनचा एमएमसिफ वाचक मुळात लेखकाचे क्रमांक घेतो. सुरुवातीचा टॅग (प्रथिनाला जोडलेला जादा तुकडा) दिसत नसेल तर दोन्हींत वीसेक क्रमांकांचे अंतर सहज पडते, आणि मूळ–म्युटंट तुलनेत सगळेच कॉन्टॅक्ट "नवे" दिसू लागतात.